वाढलेला आकडा आणि सुधारलेला रुग्ण

"मॅडम, सीआरपी एका दिवसात डबल झालाय. बाबांना पुण्याला हलवू का?"

प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या तरुणाच्या मोबाइलवर आम्हीच तासाभरापूर्वी पाठवलेला अहवाल उघडा होता. आदल्या दिवशी ११२ असलेला सीआरपी (संसर्गात, सुजेत रक्तात वाढणारे प्रथिन) २३८ झाला होता, पांढऱ्या पेशी ३,२०० वरून १८,६०० वर गेल्या होत्या आणि संगणकाने दोन्ही आकड्यांपुढे नेहमीच्या इमानाने ठळक अक्षरांत ‘जास्त’ असे छापले होते. त्याच अहवालाच्या तिसऱ्या पानावर लॅक्टेट (पेशी अडचणीत आल्या की रक्तात वाढणारा पदार्थ) ४.४ वरून १.७ वर उतरल्याची नोंद होती. पण तो आकडा आता सर्वसाधारण मर्यादेत बसत असल्यामुळे त्याच्यापुढे ठळक काहीच नव्हते आणि मुलाची नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती. वडिलांनी सकाळी स्वतःहून पेज मागून घेतली, हे त्याने बोलण्याच्या ओघात सांगितले, जणू त्या पेजेचा या कागदांशी काही संबंधच नव्हता.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे आणि गेली बरीच वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम करत आले आहे. या रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. आकड्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या क्रमातच आहे. रक्तातल्या जिवाणुसंसर्गाच्या बाबतीत प्रयोगशाळेला एकाच वेळी दोन अगदी वेगळे प्रश्न विचारलेले असतात. रक्तात जंतू आहे का आणि असल्यास कोणता, हा पहिला. त्याच्यामुळे शरीराचा कारभार कितपत कोलमडला आहे, हा दुसरा. नातेवाईक, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्यातले अनेक तरुण डॉक्टरसुद्धा, ‘इन्फेक्शन किती आहे?’ अशा एकाच वाक्यात हे दोन्ही प्रश्न कोंबतात. मग जंतू सापडला की आजार गंभीर, न सापडला की किरकोळ, असा हिशेब मांडला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. जोरात दात घासल्यावरसुद्धा काही मिनिटे रक्तात जिवाणू फिरू शकतात आणि यकृत, प्लीहा त्यांचा मुकाट्याने निकाल लावतात; उलट अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजणाऱ्या सेप्सिसच्या कित्येक रुग्णांच्या रक्तात शेवटपर्यंत काहीच उगवत नाही.

सेप्सिस या शब्दाची व्याख्याही या दोन प्रश्नांच्या गोंधळातून हळूहळू बाहेर आली. १९९१ सालच्या परिषदेत ठरलेल्या जुन्या व्याख्येत ताप, नाडीचा वेग, श्वासाचा वेग आणि पांढऱ्या पेशी यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या आणि सोबत संसर्ग, एवढे पुरेसे होते. साध्या टॉन्सिलच्या तापातही ते जमून यायचे. २०१६ मध्ये नवी व्याख्या आली आणि तिने रोख बदलला: संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे म्हणजे सेप्सिस. म्हणजे गांभीर्य मोजायचे ते जंतूच्या संख्येवर किंवा तापाच्या डिग्रीवर नव्हे, तर अवयवांच्या हालहवालावर.

आता त्या गृहस्थांकडे वळते. वय साठीच्या आसपास, मधुमेह जुना, दोन दिवस लघवीला जळजळ आणि दुपारपासून दात वाजतील अशी थंडी. चार वाजता ते कॅज्युअल्टीत आले तेव्हा रक्तदाब उतरलेला होता आणि बोलण्यात थोडा असंबद्धपणा होता. तिथल्या रेसिडेंट मुलीने एक गोष्ट अतिशय चांगली केली: अँटिबायोटिकची पहिली मात्रा देण्याआधी तिने दोन्ही हातांतून, दोन वेगळ्या जागी त्वचा नीट पुसून आणि ती वाळेपर्यंत थांबून, ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या, चार बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, म्हणजे एकूण जवळजवळ ४० मिलिलिटर रक्त. इतके रक्त काढलेले पाहून नातेवाईक हबकतात आणि सिस्टरही कुरकुरतात, परंतु मोठ्या माणसाच्या रक्तात जिवाणूंची संख्या फार विरळ असते; एका मिलिलिटरमध्ये दहाच्या आत, पुष्कळदा एकाहूनही कमी. दोन मिलिलिटर रक्त पाठवून ‘काहीच उगवले नाही’ असे उत्तर मिळवणे म्हणजे तळ्यात एकदा ओंजळ बुडवून तळ्यात मासे नाहीत असे जाहीर करणे होय. आम्ही अधूनमधून आलेल्या बाटल्या वजनकाट्यावर ठेवून पाहतो. रिकाम्या बाटलीचे वजन ठाऊक असले की रक्त किती आले ते लगेच कळते, आणि ज्या महिन्यात मी हे करते त्या महिन्यात माझे वॉर्डातल्या लोकांशी संबंध थोडे ताणलेले असतात.

बाटल्या पाच वाजता यंत्रात गेल्या. हे यंत्र म्हणजे एक मोठे उबदार कपाट असते. आत बाटल्या सतत हलत राहतात, आणि जिवाणू वाढू लागले की त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बाटलीच्या तळाची हिरवट निळी चकती पिवळी पडू लागते. यंत्र दर काही मिनिटांनी तो रंग तपासत असते. रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी आमच्या यंत्राने हाक दिली. मी त्या रात्री आवारातल्या क्वार्टरमध्येच होते, म्हणून उठून आले. सुईने बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला, पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. मग क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन. १८८४ साली हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी सांगितलेली ही रीत आजही पाच मिनिटांत जेवढे सांगून जाते तेवढे सांगायला पुष्कळ महागड्या यंत्रांना तास लागतात. तेलाच्या भिंगाखाली गुलाबी, आखूड, जाडसर दांड्या विखुरलेल्या दिसल्या. मी वॉर्डात फोन केला, ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (म्हणजे या रीतीत गुलाबी दिसणारे दांडीसारखे जिवाणू), चारपैकी दोन बाटल्यांत’ असे सांगितले, पलीकडच्या डॉक्टरकडून ते वाक्य परत म्हणवून घेतले आणि वहीत वेळ व नाव लिहिले. सकाळपर्यंत उरलेल्या दोन्ही बाटल्या ‘वाजल्या’, म्हणजे त्यांच्यासाठीही यंत्राने हाक दिली.

पाच ते दोन वीस, म्हणजे नऊ तास वीस मिनिटे. बाटली किती वेळात वाजली, हा कालावधी अहवालावर छापण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही, आणि ती असायला हवी असे मला वाटते. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू (त्यांच्या रक्तातला जंतूही हाच निघाला) अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. त्या हिशेबाने सुरुवातीला दहापट जंतू असलेली बाटली सुमारे तासभर आधी वाजेल. बाटलीत वाढ इतकी आदर्श नसते, तरी दोन रुग्णांच्या बाटल्यांत सहा-सात तासांचा फरक पडला तर रक्तातल्या जंतूंच्या गर्दीत किती फरक असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूच्या बाबतीत तर बाटली बारा-चौदा तासांच्या आत वाजली की हृदयाची झडप किंवा रक्तवाहिनीत घातलेली नळी यांच्याकडे बोट दाखवले जाते, आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळलेले आहे. हेच गणित मानेतल्या किंवा छातीतल्या रक्तवाहिनीत घातलेली नळी दोषी आहे का ते पाहायलाही वापरतात: नळीतून आणि हातातून एकाच वेळी घेतलेल्या रक्तांपैकी नळीची बाटली किमान १२० मिनिटे आधी वाजली, तर संसर्गाचे घर नळीतच आहे असे समजतात. वीस मिनिटांच्या दुपटीने १२० मिनिटे म्हणजे सहा दुपटी, म्हणजे चौसष्टपट जंतू. मात्र हे सगळे घड्याळ बाटली यंत्रात ठेवल्या क्षणापासून चालू होते. बाटली वॉर्डातल्या टेबलावर रात्रभर पडून राहिली आणि सकाळी आमच्याकडे आली, तर नऊ तास हा आकडा निव्वळ थाप असतो. एका ठिकाणी तर मला बाटल्या इन्सुलिनच्या शेजारी फ्रिजमध्ये नीट रांगेत लावलेल्या सापडल्या होत्या. ठेवणाऱ्याचा हेतू चांगला होता. सॅम्पल खराब होऊ नये म्हणून त्याने जंतूंनाच गारठवून ठेवले होते.

चारही बाटल्यांत एकच जंतू उगवणे यालाही अर्थ आहे. चारांतल्या एकाच बाटलीत, दोन दिवसांनी, त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस निघाला, तर तो बहुतेक वेळा सुईबरोबर आत आलेला पाहुणा असतो. पण एकाच बाटलीत का होईना, स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा ई. कोलाय निघाला तर त्याला पाहुणा म्हणण्याची चैन परवडत नाही.

इथपर्यंत पहिला प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कल्चर वाजण्याच्या कितीतरी आधी, संध्याकाळी साडेपाचलाच, निम्मेअधिक हाती आलेले होते. लॅक्टेट ४.४, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ९४,०००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे माप) २.३, बिलिरुबिन (यकृताचे माप) १.६. यांतला शेवटचा आकडा एरवी कोणी दुसऱ्यांदा पाहिला नसता. परंतु अवयवांचे बिघाड मोजण्याची सोफा नावाची जी गुणपद्धती १९९६ पासून वापरात आहे, तिच्यात सहा गोष्टींना शून्य ते चार गुण दिले जातात, आणि त्या सहांपैकी प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि रक्तातला प्राणवायू या चार प्रयोगशाळेतून येतात. त्या संध्याकाळच्या कागदावर प्लेटलेटचे दोन, क्रिएटिनिनचे दोन आणि बिलिरुबिनचा एक, असे पाच गुण रक्तदाब आणि शुद्ध यांना हात लावण्याआधीच जमले होते. आधीच्या स्थितीपेक्षा दोन गुण वाढले तरी सेप्सिस म्हणतात.

‘आधीच्या स्थितीपेक्षा’ हे शब्द वाचायला सोपे आहेत. साठीच्या मधुमेही माणसाचे क्रिएटिनिन मुळातच २.२ असू शकते, आणि तसे असेल तर आजच्या २.३ ला काडीचा अर्थ नाही. आपल्याकडे प्रत्येकाची जुनी माहिती संगणकात मिळत नाही. ती मिळते ती साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांच्या पत्नीने तशी एक पिशवी आणली होती: एक्स-रे, चष्म्याचा नंबर, बँकेची पावती आणि तळाशी चार महिन्यांपूर्वीचा मधुमेहाच्या शिबिरातला एक कागद. त्यावर क्रिएटिनिन १.१. त्या पिवळट कागदाने २.३ ला जे वजन दिले ते दुसऱ्या कोणत्याही नव्या चाचणीने दिले नसते. मूत्रपिंडाचे काम चार महिन्यांत सावकाश नव्हे, तर बहुधा दोन दिवसांत झपाट्याने घसरले होते.

लॅक्टेटबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण सेप्सिसच्या रात्री सर्वांत जास्त निर्णय ज्या एका आकड्यावर होतात तो हा, आणि सर्वांत सहज खोटा पडू शकणारा आकडाही हाच. पुरेसे सलाइन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागते आणि लॅक्टेट दोनच्या वर राहते, त्याला २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्टिक शॉक म्हणतात, आणि त्या गटातल्या रुग्णालयीन मृत्यूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आढळले होते. इतके ओझे वाहणारा आकडा, पण तो तयार होतो नळीतसुद्धा. तांबड्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नसतात. त्या शरीराबाहेर काढल्यावरही ग्लुकोज खात आणि लॅक्टेट टाकत राहतात. म्हणून हे रक्त फ्लुओराइडच्या करड्या बुचाच्या नळीत, बर्फात ठेवून, शक्यतो पाव तासात तपासायचे असते. पूर्वी मी जिथे काम करत होते तिथे मे महिन्याच्या एका दुपारी साध्या नळीतले रक्त ट्रॉलीवर चार तास पडून राहिले. वॉर्डबॉय मामा दुसऱ्या वॉर्डाचे सिलिंडर आणायला गेले होते. लॅक्टेट ४.६ आले, रुग्णाला धावपळ करून अतिदक्षता विभागात हलवले, दुसरे एक जास्त आजारी माणूस त्या खाटेसाठी थांबले, आणि ताज्या रक्तात उत्तर निघाले १.८. यंत्राची काहीही चूक नव्हती. त्याने नळीतले लॅक्टेट अचूक मोजले होते.

आणि नळी निर्दोष असली तरी लॅक्टेट म्हणजे ‘पेशींना प्राणवायू मिळत नाही’ एवढेच नसते. ॲड्रिनलीन चालू असेल, सालब्युटामॉलची वाफ दिली असेल, यकृत थकले असेल, तरी ते वाढते. आमचे गृहस्थ मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत होते आणि मूत्रपिंड मंदावलेले, म्हणजे ४.४ मध्ये त्या गोळीचा वाटा किती, ही शंका घ्यायला जागा होती. अशा वेळी उपाय एकच, पुन्हा मोजणे. सहा तासांनी २.९, दुसऱ्या दिवशी सकाळी १.७. एकटा आकडा वाद घालत बसतो. तीन आकडे मिळून उतार दाखवतात. या बाबतीत माझ्या व्यावसायिक अभिमानाला धक्का देणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांपैकी अर्ध्यांचे उपचार लॅक्टेटच्या आकड्यावर बेतले आणि अर्ध्यांचे बोटाच्या टोकावर दाब देऊन रक्त किती सेकंदांत परत येते यावर. २८ दिवसांतले मृत्यू लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, पण साधे बोट महागड्या चाचणीच्या मागे पडले नाही एवढे नक्की. बोट दाबायला त्यांनी वापरली होती सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी, म्हणजे सामान आमचेच.

आता ज्या दोन आकड्यांनी मुलगा घाबरला त्यांच्याकडे. पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी ३,२०० होत्या, आणि त्या दिवशी घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता, कारण ‘वाढलेल्या नाहीत’. खरे तर रक्तात ग्रॅम निगेटिव्ह जंतू मोकाट असताना पेशी चार हजारांच्या खाली असणे हे अधिक वाईट लक्षण होते. पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, संसर्गाच्या जागी धावतात, आणि अस्थिमज्जेला तेवढ्या वेगाने भर घालता येत नाही. अठरा हजारांवर जाणे म्हणजे मागून कुमक येऊन पोहोचली होती. याला अपवाद नाही असे नव्हे. टायफॉइडमध्ये पेशी मुळातच कमी राहतात, आणि तिथे ३,२०० पाहून मी इतकी दचकत नाही. म्हणूनच मी पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यापेक्षा काचपट्टीवर जास्त विश्वास ठेवते. पहिल्या दिवशीच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थोडे होते, पण होते ते बहुतेक कोवळे, अजून केंद्रकाचे तुकडे न पडलेले. त्यांच्या अंगात गडद जांभळे खरखरीत दाणे आणि मधूनमधून पोकळ्या होत्या. आणि इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा एक प्रकार, शंभरांत एकही नव्हता. तीव्र जिवाणुसंसर्गात इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. ही निरीक्षणाला फुकट मिळणारी गोष्ट आहे, आणि फुकट असल्यामुळेच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

प्लेटलेटच्या बाबतीतही स्मिअर पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही, कारण काही जणांच्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनामुळे) गोळा होतात आणि यंत्राला कमी दिसतात. त्यातून पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटलेट उतरवणारे उमेदवार बरेच असतात: डेंग्यू, मलेरिया, कोकणात लेप्टो, आणि विदर्भात २०१८ मध्ये मोठ्या संख्येने आढळलेला स्क्रब टायफस. मलेरियात सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिनसुद्धा (जिवाणुसंसर्गात वाढणारा आणखी एक पदार्थ) भरपूर वाढतात, तेव्हा त्या महिन्यांत मलेरियाची काचपट्टी न पाहता ‘बॅक्टेरियल सेप्सिस’ असे ठरवून टाकणे धोक्याचे असते. प्लेटलेटबरोबर प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबला आणि डी-डायमर (गुठळी विरघळल्यावर उरणारा अंश) चढला, तर रक्त नको तिथे गोठू लागल्याची शंका येते. फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिन सुजेत एरवी वाढायला हवे. अशा रुग्णात ते ‘नॉर्मल’ आले तर मी खूश होत नाही, ते खर्च होत असल्याची ती खूण असू शकते. आमच्या रुग्णात सुदैवाने हे प्रकरण इथवर आले नाही. त्यांच्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी ८१,००० पर्यंत आणखी उतरल्या, पण प्लेटलेट नेहमीच इतरांच्या मागून सावकाश चालतात.

सीआरपी हा प्रथिनांतला उशिरा येणारा साक्षीदार. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. न्यूमोकॉकसच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला चिकटतो म्हणून सी-रिॲक्टिव्ह. यकृत तो बनवते, निरोप मिळाल्यावर सहा ते बारा तासांनी तो रक्तात चढू लागतो आणि सुमारे ४८ तासांनी शिखर गाठतो. म्हणजे उपचार पहिल्याच तासात उत्तम लागू पडले तरी दुसऱ्या दिवशीचा सीआरपी पहिल्यापेक्षा जास्तच येणार. ११२ चे २३८ होणे ही पहिल्या दिवसाच्या संध्याकाळची बातमी होती, दुसऱ्या दिवशी पोहोचलेली. टपालाने आलेल्या जुन्या पत्रातले दुखणे वाचून आज धावत सुटण्यात अर्थ नसतो.

प्रोकॅल्सिटोनिन त्या मानाने चपळ. एरवी थायरॉइडमधल्या काही पेशींत कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचा कच्चा माल म्हणून ते बनते. जिवाणुसंसर्गात शरीरातले कितीतरी अवयव ते बनवू लागतात. हा संबंध १९९३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवला. ते काही तासांत चढते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दर चोवीस तासांनी निम्मे होते. आमच्याकडे पहिल्या दिवशी ३१, दुसऱ्या दिवशी ३६, मग १७, ८ आणि ४ असे आकडे आले. शिखरापासून ऐंशी टक्के उतरले किंवा ०.५ च्या खाली आले की अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करता येतो, आणि माझ्या मते या चाचणीचा खरा उपयोग तोच आहे. अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे तिच्यावर ठरवू नये, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. भाजलेल्यांत, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पहिल्या दोन दिवसांच्या बाळांत आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांत ती संसर्ग नसतानाही चढलेली असते. ती स्वस्त नाही. ज्या घरात औषधांसाठी दागिना मोडलेला आहे तिथे रोज प्रोकॅल्सिटोनिन पाठवणाऱ्या डॉक्टरला मी फोन करून कारण विचारते.

तिसऱ्या दिवशी जंतूची औषधसंवेदनशीलता कळली. त्या ई. कोलायला बरीच नेहमीची औषधे लागू पडत नव्हती, पण कॅज्युअल्टीत सुरू केलेले औषध लागू होते. मुलाने विचारले, "म्हणजे जंतू फार डेंजर आहे का?" हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. औषधांना दाद न देणारा जंतू अधिक विखारी असतोच असे नाही. ती दोन निराळी कौशल्ये आहेत. त्याचा धोका असा, की पहिले औषध चुकते आणि दुसरे सापडेपर्यंतचे तास वाया जातात. अतिदक्षता विभागातल्या कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या अँटिबायोटिकलाही न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला जिवाणूची भीती वाटते ती मुख्यतः या हरवलेल्या तासांची.

एवढे सगळे लिहिल्यावर एक गोष्ट माझ्याच व्यवसायाच्या विरोधात सांगणे भाग आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांमधला जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. तिथे कल्चर, लॅक्टेट, सीआरपी यांतले काहीही नव्हते. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग ढिले पडले, छातीत खड्डे पडू लागले, अशा खुणांवर या आरोग्यदूत घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन देत. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. त्यात सेप्सिसच्या उपचारांबरोबर बाळाच्या घरच्या काळजीचाही वाटा होता. ‘दूध ओढत नाही’ हेही अवयवांचा हाल सांगणारे मोजमापच आहे, आणि साठीच्या माणसाने पेज मागणे हे त्याच मोजपट्टीचे दुसरे टोक.

म्हणून त्या दिवशी खिडकीशी मी मुलाला आधी पेजेबद्दलच विचारले. किती घेतली, बसून घेतली की कोणी भरवली, लघवी किती झाली, रात्री जसे अर्धवट बोलत होते तसे अजून बोलतात का. त्याची उत्तरे ऐकून मी त्याच्याच मोबाइलवर तिसरे पान काढून दाखवले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचेही मत हलवू नये असेच होते. रक्तदाब टिकवण्याचे औषध पहाटेच बंद झाले होते. मुलगा गेला, पण पूर्ण पटले नव्हते हे त्याच्या चालण्यावरून कळत होते. जाताना विचारून गेला, "उद्या सीआरपी परत करायचा ना?" मी म्हटले, परवा करू.

चौथ्या दिवशी सकाळी आमची तंत्रज्ञ मुलगी त्यांचा स्मिअर मोजत होती. पेशी मोजायचे आमचे यंत्र जुने आहे: प्रत्येक प्रकारच्या पेशीला एक कळ, आणि शंभर भरले की घंटा वाजते. तीन दिवस त्यातली एक कळ कोणी दाबली नव्हती. मी शेजारच्या टेबलावर जंतू वाढवलेली प्लेट वाचत होते. न्यूट्रोफिलच्या कळीची टकटक ओळखीच्या लयीत चालली होती, मध्ये ती थांबली, तिने भिंग जरा वरखाली केले आणि कोपऱ्यातली ती कळ दाबली. घंटा वाजेपर्यंत आणखी एकदा. "मॅडम," ती म्हणाली, "इओसिनोफिल दोन."